फूड इनटॉलरन्स टेस्ट : रिपोर्टमध्ये गहू लाल आणि लॉबस्टर हिरवा

जेवलं की पोट ढोलासारखं फुगायचं, दुपारच्या मीटिंगमध्ये गुडगुड शेजारच्याला ऐकू जायची. ऑफिसच्या हेल्थ चेकअपबरोबर दोनशेच्या वर पदार्थांची इनटॉलरन्स टेस्ट (म्हणजे कोणता पदार्थ पोटाला सोसत नाही ते सांगणारी म्हणे) डिस्काउंटमध्ये होती म्हणून केली. रक्त घरी येऊन घेतलं, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, इथपर्यंत काहीच त्रास नाही.

रिपोर्ट म्हणजे लाल, पिवळा, हिरवा असे रंगीत तक्ते. लाल रंगात गहू, दूध, दही, तूर, शेंगदाणे. म्हणजे माझा रोजचा डबाच! आणि हिरव्यात काय, तर लॉबस्टर, किवी, क्विनोआ, जे माझ्या ताटात कधी आलंच नाही. सासूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, अगं मग तू खाणार काय?

पॅकेजमध्ये डाएटिशियनशी बोलणं फ्री होतं. त्या फ्री कॉलनेच वैताग आणला. ॲपवर स्लॉट घ्यायचा, त्या वेळेला फोन हातात धरून बसायचं, फोन यायचाच नाही आणि वर मेसेज यायचा की आम्ही प्रयत्न केला, आपण उपलब्ध नव्हता. कस्टमर केअरला लावलं की तक्रार नोंदवली म्हणायचे, नंबर द्यायचे, दुसऱ्या दिवशी तो नंबर त्यांच्याच सिस्टिममध्ये दिसायचा नाही. शेवटी एकदाचा कॉल आला तर ती मुलगी माझ्यासमोर होता तोच रिपोर्ट मला वाचून दाखवायला लागली. 'लाल म्हणजे तीन महिने बंद मॅडम.' म्हटलं पोळी, वरण, दही सगळंच? 'हो, मिलेट्स घ्या.' ज्वारी पिवळ्यात आहे. 'मग क्विनोआ.' म्हटलं हे आकडे नक्की काय मोजतात? तर 'रिॲक्शन'. कसली रिॲक्शन, ते शेवटपर्यंत नाही सांगितलं, उलट सप्लिमेंटचं पॅकेज घेणार का विचारलं. फोन ठेवला तेव्हा एवढी चिडले होते की चहाच टाकला, लाल रंगातल्या दुधाचा.

उत्तर मिळालं पोटाच्या डॉक्टरांकडे, अगदी दोन मिनिटांत. ही टेस्ट रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी (शरीर तयार करतं ती एक प्रकारची संरक्षक प्रथिनं) मोजते आणि आपण जे वारंवार खातो त्याच्या अँटिबॉडी असणं नॉर्मल आहे, त्यावरून त्रास कशाचा ते कळत नाही. म्हणून माझा डबा लाल! युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की इनटॉलरन्स शोधायला ही टेस्ट वापरू नका, तरी पॅकेज जोरात विकली जातायत.

एक महत्त्वाचं, गहू बंद करायच्या आधी सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी (टीटीजी आयजीए) करून घ्या. गहू सोडल्यावर केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. माझी निगेटिव्ह आली, पोळी वाचली.

मग दुधासाठी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं, गोडसर पाणी प्यायचं आणि थोड्या थोड्या वेळाने नळीत फुंकायचं, दोन-तीन तास जातात, पुस्तक न्या. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की तिथले बॅक्टेरिया हायड्रोजन तयार करतात, तो श्वासात येतो. सुरुवातीपेक्षा २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) किंवा जास्त वाढला तर पॉझिटिव्ह, म्हणजे लॅक्टोज पचत नाही. माझा भरपूर वाढला आणि तिथेच बसल्या बसल्या गुडगुड सुरू झाली, इतका आनंद मला पोटदुखीचा कधी झाला नव्हता.

आता बासुंदी, खीर आणि ग्लासभर दूध बंद. दही-ताक चालतं कारण विरजणात बरंच लॅक्टोज खर्ची पडतं, तुपात तर जवळपास नसतंच, आणि चहातलं थोडं दूधही मला सोसतं. किती सोसतं ते ज्याचं त्याने थोडं थोडं वाढवून बघायचं, मी वहीत लिहीत होते. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ वाढवलेत. लग्नाबिग्नात जायचं असेल तर लॅक्टेजची (लॅक्टोज पचवणारं एन्झाइम) गोळी मिळते, पहिल्या घासाबरोबर घ्यायची, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही.

हां, ब्रेथ टेस्टच्या आधी महिनाभरात अँटिबायोटिक घेतलं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, तारीख पुढे ढकलतात. आणि आदल्या दिवशी डाळ, भाजी, फळं नको, साधा पांढरा भात खा.