आरटीके ड्रोन असलं तरी जमिनीवरचे बिंदू सोडू नका

लातूर-बीड-धाराशिवकडं ड्रोनच्या मोजणीची कामं बरीच वाढलीत आणि या धंद्यात नवीन आलेली पोरं सारखं एकच विचारायलेत, की आरटीकेवालं (म्हणजे उडता उडताच स्वतःची जागा सेंटीमीटरपर्यंत काढणारं) ड्रोन घेतल्यावर जीसीपी (म्हणजे जमिनीवर खूण करून मोजलेले बिंदू) कशाला लावायचे, उन्हातान्हात फिरायचं कशाला. माझं मत पक्कं आहे, लावायचेच, आणि तलावातल्या गाळाच्या कामाला तर डोळे झाकून लावायचे, कारण तिथं सगळा खेळ उंचीचा असतो.

हिशोब करून बघा. १ हेक्टर तळ्यात उंची सगळीकडं नुसती १० सेंटीमीटर चुकली तर १००० घनमीटरचा फरक पडतो. ५ घनमीटरचा टिप्पर धरला तर २०० खेपा! काढला नाही त्या गाळाचं बिल निघतं नाहीतर बिचाऱ्या मशीनवाल्याचे पैसे बुडतात, आणि गावात भांडण लागतं ते वेगळंच.

आता आरटीकेचं. स्क्रीनवर फिक्स (म्हणजे जागा पक्की झाल्याची खूण) आला आणि २ सेंटीमीटर दिसले की लोक खुश होतात, पण ते २ सेंटीमीटर बेसपासूनचे, म्हणजे ड्रोनला दुरुस्ती पाठवणाऱ्या जमिनीवरच्या जीपीएसपासूनचे असतात हे कुणी सांगत नाही. बेस पाळूवर उभा केला आणि त्याचं लोकेशन त्यालाच शोधू दिलं तर तोच मीटर-दोन मीटर इकडं तिकडं बसतो आणि अख्खा नकाशा त्याच्यासोबत सरकतो. आतली मापं जुळतात, जागा जुळत नाही. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे जेमतेम १० मीटर, त्यात बांध २ मीटर सरकला तर भावाभावात कोर्टकचेरी होते हो. म्हणून बेस माहीत असलेल्या बिंदूवरच ठेवा, नाहीतर सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स नेटवर्कवरून, म्हणजे त्यांच्या कायम चालू जीपीएस केंद्रांवरून करेक्शन घ्या. आणि गाळ काढायच्या आधीचं आणि नंतरचं उड्डाण एकाच बिंदूवरून झालं पाहिजे, हे तर सगळ्यात महत्त्वाचं.

तो बिंदू कुठं करायचा यावर मी जास्त बोलतो कारण आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात ठोकलेली खुंटी जानेवारीत जिथं होती तिथंच मे महिन्यात असेल याची काय गॅरंटी? सांडव्याचं काँक्रीट, पुलाचा कठडा, उघडा पडलेला काळा पाषाण, असं काहीतरी शोधून त्यावर छिन्नीनं फुली मारा आणि फोटो काढून ठेवा. उड्डाणापुरती खूण म्हणून बरेच जण चुनाफक्कीची फुली मारतात, पण काळ्या रानात भर उन्हात पांढरं एवढं चमकतं की फोटोत कडा पसरतात आणि नेमका मध्य सापडत नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटीचा ६० सेंटीमीटरचा फ्लेक्स बरा, १०० मीटरवरून अडीच-तीन सेंटीमीटरचा पिक्सेल मिळतो त्यात तो स्वच्छ दिसतो.

सगळे बिंदू रस्त्याच्या कडेनं एका ओळीत लावू नका, सोयीचं पडतं तरी. कॅमेरा सरळ खाली ठेवून नुसत्या समांतर रेषा उडवल्या तर सॉफ्टवेअर लेन्सचा अंदाज थोडा चुकवतं आणि सपाट तळं मधोमध घुमटासारखं फुगलेलं नाहीतर दबलेलं येतं. चारी कोपऱ्यात बिंदू, मध्ये बिंदू, आणि थोडे तिरपे फोटो, एवढ्यानं ते बरंच आटोक्यात येतं. आणि पाणी असेल तर पाण्याखालचं ड्रोनला दिसत नाही, त्यामुळं तळं आटल्यावरच उडवायचं.

उंचीत अजून एक भानगड. जीपीएस देतं ती उंची एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरची, सिंचनवाल्यांचा बेंचमार्क (उंचीची पक्की खूण) समुद्रसपाटीपासूनचा, आपल्या भागात दोन्हीत साधारण ७० मीटरचा फरक पडतो. एवढा फरक लगेच लक्षात येतो, पण आधीचं काम एका जिऑइड मॉडेलवर (एका उंचीवरून दुसरी काढायचा तक्ता) आणि नंतरचं दुसऱ्यावर केलं तर चूक छोटी असते आणि तीच गाळात जाऊन बसते. असंच झोनचं, यूटीएम नावाच्या नकाशाच्या जाळीत जगाचे उभे पट्टे म्हणजे झोन पाडलेत, मराठवाडा जवळजवळ सगळा झोन ४३ मध्ये आहे पण किनवट ७८ रेखांशाच्या पलीकडं, म्हणजे ४४ मध्ये. नांदेडवाल्यांनी फाईल उघडताना तेवढं बघावं.

शेवटी चेक पॉइंट. काही बिंदू मोजायचे पण सॉफ्टवेअरला जुळवायला द्यायचेच नाहीत, नकाशा तयार झाल्यावर त्यांच्यावर तपासायचा. जीसीपीवरचा एरर कमी येणारच, त्यांच्यावरच तर मॉडेल बसवलंय. काम देणाऱ्या सरपंचांना, इंजिनियर साहेबांना माझी विनंती आहे, रिपोर्टात चेक पॉइंटचा एरर आडवा वेगळा आणि उंचीचा वेगळा मागा, आणि तो बघितल्याशिवाय घनमीटरच्या आकड्यावर सही करू नका.