नवरदेवाची दाढी आणि एक कप पाणी

एप्रिल २०१६. लातूरकरांना या महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी येऊ लागलेलं. माझ्या सलूनला खासगी टँकरचं, खोल बोअरचं पाणी यायचं.

त्या दिवसांत एका लग्नाच्या सकाळी नवरदेव मामांसोबत दुकानात आला. कातडी नाजूक, गळ्यावर मागच्या दाढीचं पुरळ. अशा चेहऱ्याला मी डब्यातला फोम लावत नाही, ब्रशच घेतो. पण फेस उठेना. उठला तोही मोठाल्या बुडबुड्यांचा, आणि दुसऱ्या गालापर्यंत जाईस्तोवर पहिल्या गालावरचा बसून गेला. क्रीम कालचंच, ब्रशही तोच. ब्रशच्या केसांत मात्र पांढरा चिकट गाळ धरलेला. बदललं होतं ते पाणी. सकाळीच नवा टँकर रिकामा झाला होता.

बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्रीममधल्या साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. क्रीम वाढवलं तर थोडा फेस येतो, पण साकाही वाढतो, आणि तो पुरळावर घासायचा नव्हता. उकळून काही क्षार खाली बसतात, सगळे नाही. म्हणून मी पिण्याच्या जारमधून कपभर कमी क्षारांचं पाणी काढून गरम करायला ठेवलं.

मामा उठलेच. "अहो, प्यायला पाणी नाही आन् तुम्ही दाढीला जारचं घेता?"

"मामा, एवढा एकच कप. पोराचा गळा आज सोलला जायला नको."

ब्रश त्यातच खळाळून धुतला, चांगला झटकला. गाल ओले केले. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं क्रीम घेऊन ब्रश गोल गोल फिरवला. आधी पेस्टसारखं दाट होऊ दिलं, मग ब्रशच्या टोकाला दोन-दोन थेंब. इथं घाई केली की फेस पातळ होतो. हळूहळू तो घट्ट, चकचकीत झाला, एकही बुडबुडा दिसेना. तसाच दोन-तीन मिनिटं राहू दिला. केस पाणी पितात, मऊ पडतात. फेसाचं खरं काम ते पाणी केसाशी धरून ठेवायचं. मग केसांच्या दिशेनंच वस्तरा चालवला, गळ्यावर उलटा हात फिरवला नाही. कुठं रक्ताचा ठिपकासुद्धा आला नाही.

मामांनी भाच्याच्या गालावरून हात फिरवला आणि कपात डोकावून पाहिलं. "उरलंय की. मग माझीपण करून टाका."