पाच नंबरचा सेल कशाने पेटला?

चौदा लिथियम-आयन सेलांच्या बॅटरीत एक सेल पेटला तर आग शेजारी पसरते का, हे पाहायला सहा नंबरचा सेल आम्ही मुद्दाम पेटवला होता. त्याच्या दोन्ही बाजूंचे पाच आणि सात शाबूत राहायला हवे होते. सात राहिला, पाच नवव्या सेकंदाला पेटला. तेव्हापासून वाळूजच्या त्या प्रशिक्षणवर्गात दोन तट पडले आहेत आणि माझंही मत अजून पुरतं ठरलेलं नाही.

वर्ग मानवी अंतराळयानातल्या बॅटरीच्या सुरक्षिततेचा. आलेले इंजिनिअर वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांतले, दोघेतिघे लातूर-बीडकडचे. बहुतेकांचा हात विजेवरच्या दुचाकी-तीनचाकीच्या बॅटरी-पॅकवर बसलेला. गगनयानात तिघांना ४०० किलोमीटर उंचीवर नेऊन सुखरूप परत आणायचं आहे. अशा कामाचा एखादा भाग आपल्या एमआयडीसीतूनही जावा असं त्यांना वाटतं, आणि ते रास्तच आहे. स्कूटरला लागणारं बॅटरी-सुरक्षेचं मानक एआयएस-१५६ त्यांना तोंडपाठ आहे. अडचण तिथेच सुरू होते. स्कूटरच्या पॅकमध्ये धोक्याची सूचना वेळेत मिळाली की माणूस उतरून बाजूला होतो. यानातून उतरणार कुठे? बंद केबिनमध्ये एक सेल फुटला तरी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड तिथल्याच हवेत फिरतात. अमेरिकन स्पेससूटच्या आत तर ४.३ पीएसआय दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असतो. तिथे ठिणगीला परवानगीच नाही. शिवाय वजनरहित अवस्थेत गरम हवा वर चढत नाही. पंखा बंद असला तर पॅकभोवतालची हवा जागच्या जागी तापत राहते आणि धूर डिटेक्टरपर्यंत पोचत नाही.

नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरचा जेएससी २०७९३ हा दस्तऐवज आम्ही पाठ्यपुस्तकासारखा वापरतो. जीवघेण्या धोक्याला तीन स्वतंत्र अटकाव हवेत. दोन निकामी झाले तरी तिसऱ्याने सांभाळलं पाहिजे. ओव्हरचार्ज किंवा बाहेरचा शॉर्ट यांच्यासाठी हे जमतं. पण सेलच्या गुंडाळीत अडकलेला धातूचा कण कुठल्याही सर्किटला दिसत नाही. तो सेपरेटर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला पातळ पडदा, हळूहळू टोचतो आणि एक दिवस आतल्या आत शॉर्ट करतो. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, असलं की सगळं सुरक्षित, असं आपल्या कॉलेजांत शिकवतात. त्या शिकवणीचं मोठं नुकसान मला रोज वर्गात दिसतं. आतल्या शॉर्टपुढे बीएमएस फक्त साक्षीदार असतो. म्हणून ८० वॉट-तासांच्या वरच्या लिथियम-आयन बॅटरीसाठी जेएससी २०७९३ मध्ये प्रश्नच वेगळा विचारतात: एक सेल पेटलाच असं धरा, मग पुढे काय? ३.४ अँपिअर-तासाचा १८६५० सेल (१८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर उंचीचा नळकांडी सेल) साधारण १२ वॉट-तासांचा. सात सेल झाले की ८० ओलांडले.

हा प्रश्न कागदावर सोडवून चालत नाही, याचं उदाहरण मी बोइंग ७८७ चं देते. ७ जानेवारी २०१३ ला बोस्टनच्या विमानतळावर उभ्या विमानातल्या आठ सेलांच्या बॅटरीत एका सेलमध्ये शॉर्ट झाला आणि तो बाकीच्यांत पसरला. आधीच्या विश्लेषणात गृहीत काय होतं? आतला शॉर्ट झालाच तर एका सेलमधून वायू बाहेर पडेल, आग लागणार नाही.

आता आमचं मॉड्यूल. चौदा सेल, सात सिरीज आणि दोन पॅरलल, सात-सातच्या दोन रांगा. स्कूटरच्या प्लास्टिक होल्डरऐवजी ६०६१ ॲल्युमिनियमचा एकसंध ठोकळा, त्यात प्रत्येक सेलचं घर, दोन घरांमधली भिंत सगळ्यात पातळ जागी एक मिलिमीटर. पेटलेल्या सेलची उष्णता ठोकळ्याने ताबडतोब सगळीकडे वाटून घ्यावी, म्हणजे शेजाऱ्याला एकट्याला ती सोसावी लागत नाही. वाळूजच्या एका छोट्या वर्कशॉपने हा ठोकळा व्हीएमसीवर, म्हणजे संगणकी मिलिंग यंत्रावर, रातोरात काढून दिला आणि प्रत्येक भोक ०.०५ मिलिमीटरच्या आत. एवढी सफाई मोठमोठ्या ठिकाणी पैसे मोजून मिळत नाही, हे मी कुणालाही सांगेन. सेल आणि ठोकळ्यात अभ्रकाचा कागद, कारण सेलचा डबा म्हणजेच निगेटिव्ह. अभ्रक नसेल तर चौदाही डबे ॲल्युमिनियममधून एकमेकांना भिडतील. निकेलच्या पट्टीला प्रत्येक सेलपाशी बारीक मान, म्हणजे पेटलेल्या सेलमध्ये जोडीदाराचा करंट ओतला जाण्याआधी ती तुटते. वर व्हेंटसमोर, म्हणजे सेलमधला वायू बाहेर पडायच्या तोंडासमोर, सिरॅमिकच्या चकत्या आणि झाकणात ठिणग्या अडवणारी स्टीलची जाळी.

सेल निवडतानाच निम्मा दिवस जातो. ओपन सर्किट व्होल्टेज, एक किलोहर्ट्झला इंटर्नल रेझिस्टन्स, वजन, कपॅसिटी. सरासरीपासून तीन सिग्माच्या (तीन प्रमाण विचलनांच्या) बाहेरचा प्रत्येक सेल बाद. मग पूर्ण चार्ज करून निवांत ठेवायचे आणि व्होल्टेज कुणाचं जास्त उतरतं ते पाहायचं. ‘मॅडम, चार मिलिव्होल्टसाठी चांगला सेल काहून फेकायचा?’ हा प्रश्न ठरलेला. बाकीचे जागेवर असताना एकटाच उतरत असेल, तर तो आतून गळतोय. चार मिलिव्होल्ट हेच त्याचं लक्षण.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बसवणं हे सगळ्यात जास्त हेळसांड होणारं काम. नुसत्या कॅप्टॉन टेपने चिकटवलं तर ऐन भडक्यात गोंद सुटतो, टोक हवेत येतं आणि स्क्रीनवर तापमान छान उतरलेलं दिसतं. लोक टाळ्या वाजवतात. टोक सिमेंटने बसवून वरून काचेच्या टेपने आवळलं पाहिजे. दुसरं, सिरीजमधले डबे वेगवेगळ्या व्होल्टेजवर असतात. उघडी टोकं दोन डब्यांना लावून दोन्ही वायर आकडे नोंदवणाऱ्या साध्या लॉगरला जोडल्या, तर शॉर्ट लॉगरमधूनच होतो. चॅनेल एकमेकांपासून अलग असलेला लॉगर लागतो, आणि टोकाखाली इन्सुलेशनचा पातळ थर.

सेल ४.२ व्होल्टवर, म्हणजे पूर्ण चार्ज. मॉड्यूल ४५ अंशांवर मुरवलेलं, कारण वापरात जास्तीत जास्त तेवढं तापमान आम्ही धरलं होतं. वैशाखात शेडच ४१-४२ वर असते, त्यामुळे ओव्हनला फार कष्ट पडले नाहीत. सहा नंबरच्या तळाकडच्या १५ मिलिमीटरवर तो पेटवायला निक्रोमच्या तारेचा हीटर, ३५ वॉट. सहाच निवडला, कारण सात कोपऱ्यात आहे. त्याच्याभोवती धातू सगळ्यात कमी, म्हणजे उष्णता सोसायला तो सगळ्यात दुबळा. भीती सातची होती.

सहा पेटला तेव्हा पाचचं तापमान ७१ होतं, सातचं ७३. सात सावकाश चढत दीड मिनिटाने १०८ ला टेकला आणि उतरायला लागला. पाचचा आलेख मात्र भिंतीसारखा सरळ वर गेला.

सगळे गप्प असताना बीडचा एक इंजिनिअर बोलला. ‘मॅडम, हे बराबर न्हाई. तुमच्या हीटरनंच शेजारचा आधी तापविला. खऱ्या शॉर्टमधी हीटर कुठं असतोय?’

आक्षेप खणखणीत आहे आणि जगभर घेतला जातो. पण इथे तो टिकत नाही, कारण सात तर दोन अंश जास्तच तापलेला होता आणि त्याच्याभोवती धातूही कमी, तरी तो वाचला. मॉड्यूल रात्रभर थंड होऊ दिलं, आम्लवायूचे मास्क लावून दुसऱ्या दिवशी उघडलं, तेव्हा कारण डोळ्यांनी दिसलं. सहाच्या डब्याला कुशीत भोक पडलं होतं, तळापासून २२ मिलिमीटरवर, नेमकं पाचच्या दिशेला. समोरची ॲल्युमिनियमची भिंत वितळून आरपार. ६०६१ ॲल्युमिनियम साधारण ५८० ते ६५० अंशांच्या दरम्यान वितळतं. आतून आलेल्या झोतापुढे एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. वरच्या व्हेंटमधून जायला हवी होती ती आग आडवी गेली. अशा जास्त ऊर्जेच्या सेलांचे डबे पाव मिलिमीटरच्या आतबाहेर असतात. कपॅसिटी वाढवायला कंपन्या पत्रा पातळ करत गेल्या, आणि त्याची किंमत अशी बाहेर येते.

मी म्हटलं, डबा दुबळा आहे, प्रत्येक सेलला स्टीलची नळी घालू. बीडचा इंजिनिअर त्यावरही अडला. ‘भोक हीटरच्या कडेच्या वर सात मिलिमीटरवर हाय. तिथला पत्रा तुम्हीच भाजून नरम केला.’

इथे माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. गरम पत्रा आतला दाब सोसत नाही हे खरं, आणि हीटर गुंडाळीला जिथे पेटवतो तिथल्याच पत्र्यावर पहिला मार बसतो हेही खरं. हीटर नको म्हटलं तर दुसरं काय? खिळा ठोकला तर भोक आपणच पाडतो, मग डब्याची परीक्षा होतच नाही. ओव्हरचार्ज केला तर एकट्या सेलमधली सीआयडी (आतला दाब वाढला की करंट तोडणारी कळ) बहुधा सर्किट तोडते, आणि नाही तोडलं तर सेलमध्ये नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा भरलेली असते. नासा आणि एनआरईएल (अमेरिकेची ऊर्जा-संशोधन प्रयोगशाळा) यांनी मिळून केलेली शॉर्टची चकती सगळ्यात प्रामाणिक. तिच्यातला मेणाचा थर ५७ अंशांच्या आसपास वितळतो आणि खराखुरा आतला शॉर्ट होतो. पण ती सेल बनवतानाच गुंडाळीत घालावी लागते. बाजारातून सेल विकत घेणाऱ्याला ती वाट बंद आहे.

वर्गातल्या अनेकांना या वादाचा कंटाळा आला. ‘पास का फेल एवढं सांगा’ असं एकाने स्पष्ट विचारलं. सर्टिफिकेटची ही घाई आपल्या उद्योगाला फार लागली आहे. मी अहवालात प्रसार झाला, म्हणजे आग एका सेलमधून दुसऱ्यात गेली, असं लिहिलं. बीडच्या इंजिनिअरला ते अन्यायाचं वाटलं, आणि तरी सगळ्यांत जास्त कामाचा माणूस तोच आहे. आलेख पाहून न थांबता तो भोकाची उंची मोजायला गेला.

पुढची फेरी अशी ठरली आहे. त्याच लॉटचे सेल ठोकळ्याबाहेर एकेकटे पेटवायचे. काहींना हीटर तळाशी, काहींना मध्यावर, काहींना व्हेंटजवळ. भोक हीटरच्या मागे मागे सरकलं तर त्याचं म्हणणं खरं. हीटर कुठेही असो, भोक तळाकडेच पडत राहिलं तर दोष डब्याचा. पाव मिलिमीटरच्या स्टीलची पूर्ण उंचीची नळी साडेसात ग्रॅमची; चौदा सेलांना १०५ ग्रॅम, ४८ ग्रॅमच्या सेलवर हा भार थोडाथोडका नाही. तो म्हणतो, तळाकडचे ३० मिलिमीटरच झाका, वजन निम्म्याहून कमी होईल. पण २२ मिलिमीटरवर भोक पडलेलं आम्ही एकाच सेलला पाहिलं आहे. एवढ्या आधारावर नळी कापायला माझी संमती नाही, आणि वर्कशॉपला ६५ मिलिमीटरच्याच नळ्या सांगितल्या आहेत.