ह्याला कशाला तपासायचं?

"ओ ताई, ह्याला कशाला तपासायचं? अंगापिंडानं बघा की कसा आहे!"

सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये सासूबाई काउंटरवर म्हणाल्या. मुलगा मोबाईलमध्ये. सुनेच्या मांडीवर फाइल, मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासण्यांची. सोनोग्राफ्या, हार्मोन्स, गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्स-रे. रबरबँड दोनपदरी लावूनही फाइल मिटत नव्हती. त्याच्या नावाचा मात्र एक कागद नाही.

मला जपानचे उंदीर आठवले. हसू नका.

२००५ मध्ये तिथल्या संशोधकांनी 'इझुमो' हे वृषणात तयार होणारं, शुक्राणूवरचं प्रथिन शोधलं. त्यांच्याकडे एक अँटिबॉडी होती, म्हणजे ठरावीक गोष्टीलाच चिकटणारं प्रथिन. ती लावली की शुक्राणू बीजांडाशी एकरूपच होत नव्हता. ती नेमकी कशाला चिकटते हे शोधताना इझुमो सापडलं. मग ते प्रथिनच नसलेले नर उंदीर तयार केले. अगदी ठणठणीत! शुक्राणू पळणारे, बीजांडाच्या कवचाच्या आतही पोचणारे. पिल्लू मात्र एकही नाही.

 

इझुमोची तपासणी काही आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. पण साधी वीर्यतपासणी होते, तीही ना सुई ना कळ. नळ्यांचा एक्स-रे कसा असतो, ते काढलेल्या बायकांना विचारा.

मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. मग पहिली चिठ्ठी कायम तिच्याच नावाची का निघते?