तुम्ही विचारलंत म्हणून: सरकार सरळ नोटाच का छापत नाही?

मी अर्थशास्त्र शिकवतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो: "सर, नोटा आपल्याच, छापखाना आपलाच, मग सरकार कर्ज कशाला काढतं?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव, की हे दिल्लीत अजून कुणाला सुचलेलंच नाही.

सुचलं होतं. 42 वर्षं आपण थोडंफार तेच करत होतो. गंमत म्हणजे ते सुरू झालं तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी दिलेला राजीनामा मराठी माणूस विसरलेला नाही. ही व्यवस्था मात्र कुणाच्या लक्षात नाही.

प्रजासत्ताक जेमतेम पाच वर्षांचं होतं. जानेवारी 1955 मध्ये रिझर्व्ह बँक आणि सरकार यांच्यात असं ठरलं, की दर शुक्रवारी, म्हणजे बँकेचा साप्ताहिक हिशेब बंद होतो त्या दिवशी, केंद्राच्या खात्यात किमान 50 कोटी रुपये हवेत. इतर दिवशी 4 कोटी चालतील. कमी पडले तर 91 दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जचिठ्ठ्या, निघायची, बँक ती घ्यायची आणि तेवढी रक्कम, म्हणजे नवा पैसाच, सरकारच्या नावे जमा व्हायची. या बिलांना 'ॲड हॉक' म्हणत. कुणी अर्ज करायचा नाही, कुणी मंजुरी द्यायची नाही, सगळं आपोआप. वरची मर्यादा ठरवलेलीच नव्हती. मुदत संपली की जुन्या बिलांच्या जागी नवी. नोटा छापण्याचा हुकूम कुणी सोडला असं म्हणताच येत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

लगेच पुढच्या वर्षी दुसरी पंचवार्षिक योजना आली. सरकारी खर्च 4800 कोटी, त्यातले 1200 कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून, म्हणजे मुख्यतः रिझर्व्ह बँकेकडून घेतलेल्या पैशातून! योजनेवर सल्ला देणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय यांनी भिन्नमत नोंदवलं: एवढी बचत देशात नाही, महागाई होईल. योजनेच्या पाच वर्षांत घाऊक किमती सुमारे 30 टक्के चढल्या. सगळा दोष तुटीचा नव्हे, 1957 मध्ये पिकंही धड आली नव्हती. पण परकीय चलन इतकं झपाट्याने आटलं, की नोटांमागे ठेवायच्या गंगाजळीची अट दोन वर्षांत दोनदा सैल करावी लागली. शेवटी सोनं आणि परकीय रोखे मिळून 200 कोटी पुरे, असं ठरलं.

नाही म्हणणारं कुणी होतं का? देशमुखांनंतर आलेले टी. टी. कृष्णम्माचारी रिझर्व्ह बँकेला आपल्या खात्याचीच एक शाखा समजत. व्यापारातल्या हुंड्यांवरच्या, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी हमीपत्रांवरच्या, मुद्रांक शुल्कावरून गव्हर्नर बेनेगल रामा राव यांचं त्यांच्याशी बिनसलं. नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी 1957 मध्ये रामा रावांनी पद सोडलं. गव्हर्नरचं असं होतं म्हटल्यावर शुक्रवारच्या बिलांना कोण हरकत घेणार?

पुढे या बिलांवरचं व्याज 1974 पासून 4.6 टक्क्यांवर गोठवलं. साचलेली बिलं मुदतच नसलेल्या रोख्यांत बदलली, म्हणजे परतफेडीचा विषयच मिटला. एवढं स्वस्त कर्ज मिळत असताना हात आखडता घेईल असा अर्थमंत्री मला तरी माहीत नाही, मग पक्ष कोणताही असो.

1994 मध्ये मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना ही बिलं टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा करार झाला. 1 एप्रिल 1997 पासून ती बंद झाली, आणि एप्रिल 2006 पासून सरकारकडून थेट रोखे घ्यायलाही रिझर्व्ह बँकेला कायद्याने मनाई आहे, काही अपवाद सोडून. बाजारात आधीच विकले गेलेले रोखे मात्र बँक आजही घेऊ शकते, आणि घेते. पंगतीत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग फरक काय पडला, सर?" फरक एवढाच, की आता किती घ्यायचे आणि कधी, हे बँक ठरवते. 1957 मध्ये रामा रावांच्या हातात तेवढंही नव्हतं.