फोटोखालची ओळ

फाल्गुन वद्य षष्ठी, रात्री

अंगावरचा रंग अजून पुरता गेलेला नाही. कानामागे हिरवा, नखांच्या कडेला जांभळा. काल आमच्या इंदुरातली रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. सकाळपासून राजवाड्याजवळ ओळखीच्या एका दुकानाच्या वरच्या गॅलरीत उभी होते. कॅमेऱ्याला प्लास्टिकच्या पिशव्यांचं आवरण, लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे डाग पडलाच तर त्याच्यावर पडावा. खालून टँकर जात होते, फवारे तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होते आणि गुलालाचा ढग बसायच्या आत दुसरा उडत होता. दरवर्षी हे बघते, तरी दरवर्षी अंगावर काटा येतो.

एकूण ६४० फोटो निघाले. रात्री दोनपर्यंत जागून ४१ निवडले आणि सगळे एकदम फ्लिकरवर, म्हणजे फोटो ठेवायच्या वेबसाइटवर चढवले. सकाळी ऑफिसात नकाशाचं काम करताना चारदा मोबाईल उघडला. संध्याकाळपर्यंत त्यातला सर्वांत जास्त बघितलेला फोटो ३८ जणांनी बघितला होता. बाकीचे दहा-बारांवर. मला वाईट वाटलं. आठ वर्षं झाली फोटो काढतेय, पगारातून पैसे साठवून लेन्स घेतलीय. कोणीतरी थांबून बघावं असं वाटतं, आणि तसं वाटण्यात काही चुकीचं आहे असं मला वाटत नाही.

जेवताना भाचीने लॅपटॉपवर सगळे फोटो बघितले. शेवटी तिने विचारलं, "मावशी, यातला एकच भिंतीवर लावायचा असला तर कुठला लावशील?"

मी लगेच सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसलेले आजोबा, अंगभर गुलाबी, सदऱ्याच्या आतल्या कोरड्या टोकाने चष्मा पुसताहेत. मागे लाकडी कोरीव सज्जा, त्याच्यावर रंगाचा एक थेंब नाही. गॅलरीतून उतरून घरी निघाले तेव्हा वाटेत दिसले होते. कॅमेरा वर करून मी नुसतंच नजरेने विचारलं, त्यांनी मान हलवली.

"मग तो सत्ताविसावा का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सव्वीस टँकर आणि फवारे ओलांडून त्या आजोबांपर्यंत कोण येणार? काल त्या रस्त्यावर शेकड्याने कॅमेरे होते आणि मोबाईल तर मोजायलाच नकोत. टँकरचा फोटो प्रत्येकाकडे आहे. आजोबा बहुधा एकट्या माझ्याकडे असतील, आणि मीच ते गर्दीत हरवून टाकले.

आत्ता बसून ४० फोटो खाजगी करून टाकले. एकच ठेवला.

फाल्गुन वद्य नवमी, रविवार

आज दुपारी लाला दीनदयाळांची जुनी छायाचित्रं बघत बसले. आपल्या शहराचा या माणसाशी इतका जवळचा संबंध आहे आणि तो सांगणारी पाटी येता-जाता कुठे दिसत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्म, रुरकीला अभियांत्रिकीचं शिक्षण आणि नोकरी इथे इंदुरात, सार्वजनिक बांधकाम खात्यात. नकाशे काढायचे, खर्चाचे अंदाज करायचे. माझंही काम तेच, फक्त त्यांच्याकडे कागद आणि माझ्याकडे स्क्रीन. १८७४च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि गव्हर्नर जनरलचे इथले प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी उत्तेजन दिलं. पुढे हैदराबादला सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले, 'राजा' हा किताब मिळाला, सिकंदराबादला आणि मुंबईला स्टुडिओ उभे राहिले. त्यांच्या काचेच्या अडीच हजारांहून जास्त नेगेटिव्ह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत.

हे सगळं आधी वाचलं होतं. आज वेगळंच काही डोळ्यांत भरलं. त्यांच्या कितीतरी छायाचित्रांच्या खालच्या कडेला, नेगेटिव्हवरच, बारीक अक्षरांत क्रमांक आणि जागेचं नाव लिहिलेलं असतं. प्रिंट कुणाच्याही अल्बममध्ये जावो, कुठल्याही देशात पोचो, ती ओळ बरोबर जाते. शंभरावर वर्षांनंतर मी ती वाचू शकते.

आणि माझ्या फोटोंखाली काय आहे? कॅमेऱ्याने दिलेला फाईलचा नंबर. नाहीतर 'सोनेरी सांज'. कुठली सांज, कुठल्या गावची, कुठल्या वर्षीची?

गुढीपाडवा

सकाळी गुढी, श्रीखंड-पुरी. दुपारी सगळे झोपल्यावर फोटोंच्या ओळी लिहायला घेतल्या. नव्या वर्षाचं काम म्हणून हेच धरलं.

'सोनेरी सांज' काढून लिहिलं: कृष्णपुरा छत्र्या, इंदूर, खान नदीच्या काठी, होळकर घराण्यातल्या कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची स्मारकं, डिसेंबरमधली संध्याकाळ, पुलावरून. मग टॅग. आधी मी 'सुंदर', 'निसर्ग', 'भारत' असलं काही टाकायचे. ज्याला छत्र्यांचा फोटो हवा आहे तो 'सुंदर' असं शोधेल का? तो गावाचं नाव टाकेल, छत्रीचं टाकेल, होळकरांचं टाकेल. आणि आपल्या गावाची तर नावंच किती! मराठीत इंदूर, हिंदीत इंदौर, रोमन लिपीत आणखी एक. राजवाड्याला इथले निम्मे लोक राजबाडा म्हणतात. सगळी रूपं लिहावी लागतात, कारण शोधणारा कुठलं लिहील ते आपल्या हातात नसतं. नकाशावर जागाही अचूक टेकवली. मागे मी सगळे फोटो शहराच्या मध्यावर टाकून मोकळी झाले होते, सिरपूर तलावाचेसुद्धा.

सिरपूरवरून आठवलं. तिथली जांभळी पाणकोंबडी, चोचीत पाणगवताचं देठ धरलेली, दोन वर्षांपूर्वी 'एक्सप्लोर'मध्ये गेली होती. फ्लिकर रोज जगभरातून साधारण ५०० फोटो तिथे लावतं. कोणी किती वेळा बघितला, कोणी काय लिहिलं, कोणी जपून ठेवला, असल्या गोष्टींवरून त्यांचं गणित ठरतं, आणि ते पूर्ण कोणालाच ठाऊक नसतं. त्या एका दिवसात चार हजार जणांनी बघितला. मी पेढे वाटले होते. आठवड्याने कोणी फिरकलं नाही. उलट एका मोडकळीस आलेल्या जिन्याच्या कठड्याचा फोटो आहे, त्याखाली चुकून मी सगळी माहिती लिहिली होती, तो आजही महिन्याला वीस-पंचवीस जण शोधत येऊन बघतात. आजवर मी पहिल्या फोटोसारखं व्हायची वाट बघत होते. दुसऱ्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

२६ फोटोंच्या ओळी झाल्या. अकराशे बाकी आहेत.

रामनवमी

गेल्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. ज्या मोठमोठ्या ग्रुपमध्ये मी फोटो टाकत असे त्यातले बहुतेक सोडले. तिथे लाखांनी फोटो आहेत, टाकलेला फोटो पाच मिनिटांत खाली जातो, आणि ज्या प्रतिक्रिया येतात त्या चकाकत्या बिल्ल्यांच्या, म्हणजे शब्दांऐवजी चिकटवलेल्या तयार चित्रांच्या. एक द्या, दोन घ्या. असा बिल्ला देणाऱ्याने माझा फोटो बघितला असेलच असं नाही, आणि मीसुद्धा न बघता बिल्ले दिलेत, हे लिहिताना लाज वाटते. त्याऐवजी जुन्या लाकडी घरांचा एक छोटा ग्रुप सापडला. शंभराच्या आतबाहेर माणसं. कोणी केरळातलं, कोणी नेपाळातलं, दोघं गुजरातेतले.

दुसरं म्हणजे रोज एका तरी परक्या फोटोखाली मनापासून चार ओळी लिहायच्या. काय आवडलं, नजर कुठे अडली, काय कळलं नाही. सोपं नाही हे. 'छान' लिहायला एक सेकंद पुरतो; चार ओळींसाठी फोटो पाच मिनिटं बघावा लागतो. पण त्या पाच मिनिटांत मी शिकते. भक्तपूरच्या एका खिडकीचा फोटो बघताना लक्षात आलं की त्या माणसाने उन्हाची वाट बघितली आहे. ऊन तिरपं पडल्याशिवाय कोरीव काम उठत नाही. मी दुपारी बाराला, जेवणाच्या सुट्टीत जाऊन फोटो काढते आणि कोरीव काम सपाट येतं म्हणून कॅमेऱ्याला दोष देते.

त्याच ग्रुपमधल्या वडोदऱ्याच्या एका गृहस्थांनी माझ्या राजवाड्याच्या फोटोखाली लिहिलं, "ताई, तुमच्या भिंती मागे पडताहेत." आधी लागलं. मग फोटो परत उघडला. सात मजली दर्शनी बाजू, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, आणि सगळीच वर निमुळती होत मागे कललेली. समोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी उभं राहून कॅमेरा वर केला की हे होणारच. उभी रेघ उभी काढायची हे तर मी रोज पगार घेऊन करते, आणि कॅमेऱ्यात ते बघितलंच नव्हतं. काल समोरच्या एका इमारतीच्या मालकांना विचारून दुसऱ्या मजल्यावर गेले, कॅमेरा समपातळीत धरला, थोडं मागे सरकले. संध्याकाळी पाचचं ऊन. आलेला फोटो बघून मी तिथेच दोन मिनिटं गप्प उभी राहिले.

त्या फोटोखाली सात प्रतिक्रिया आल्या. प्रत्येक जण काहीतरी वेगळं बोललाय. एकाने विचारलंय की वरच्या मजल्यांचं लाकूड किती जुनं आणि किती नंतर बसवलेलं. राजवाड्याच्या १९८४च्या आगीबद्दल मला त्याला लिहायचंय, उद्या नीट वाचून लिहीन.

चैत्र शुद्ध द्वादशी

आज चिडचिड झाली. शहराच्या बातम्या देणाऱ्या एका पानावर माझा छत्र्यांचा फोटो. कोपऱ्यातलं माझं नाव कापून टाकलेलं. निरोप पाठवला, उत्तर नाही. फोटोच्या फाईलमध्ये मी नाव भरलेलं असतं, पण कितीतरी ठिकाणी फोटो चढवताना ती माहिती पुसली जाते. नाव फोटोच्या मधोमध मोठं छापावं असं रागाने वाटलं. एकावर छापूनही बघितलं. छत्री दिसेना, नाव दिसत होतं. काढून टाकलं.

गेल्या सप्टेंबरमधलं आठवलं. 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' म्हणून वारशाच्या वास्तूंच्या फोटोंची स्पर्धा असते, २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली, आता कितीतरी देशांत होते. तिच्यासाठी मी बारा फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या खुल्या साठ्यात दिले होते. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो: कोणीही वापरावा, विकत सुद्धा छापावा, पण काढणाऱ्याचं नाव द्यावं. बहीण म्हणाली होती, फुकट कशाला देतेस? मलाही देताना जड गेलं होतं. बक्षीस काही मिळालं नाही. पण त्यातला एक फोटो कोणीतरी एका लेखाला लावला आहे आणि फोटोवर टिचकी मारली की माझं नाव येतं. ज्याने लावला त्याने मला विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती, आणि नाव मात्र ठेवलं. आजच्या दिवशी मला त्याचं फार मोल वाटलं. सगळे फोटो मी असे देणार नाही. माणसांचे तर नाहीच. पण छत्र्या, वाडे, घाट देईन.

चैत्र पौर्णिमा

आजोबांच्या फोटोची आठ बाय बारा प्रिंट काढली. ग्रुपमध्ये त्यावर बरंच बोलणं झालं होतं, खास करून त्या कोरड्या सज्ज्याबद्दल. पण ज्यांचा फोटो त्यांनीच बघितला नव्हता.

हनुमान जयंतीचा प्रसाद घेऊन संध्याकाळी गेले. आजोबा ओट्यावरच होते. रंग नसताना मला एकदम ओळखू आले नाहीत. मी प्रिंट हातात दिली. त्यांनी ती लांब धरली, मग जवळ, मग सुनेला हाक मारली.

"अगं, बघ. ही पोर त्या दिवशी उभी होती ना, तिने काढलाय."

सून म्हणाली, "बाबा, सदरा गेला तो गेलाच हो, अजून गुलाबीच आहे."

आजोबांचं लक्ष मात्र स्वतःकडे नव्हतं. बोट मागच्या सज्ज्यावर होतं. "हे कुणाचं घर लिहिलंयस?" मोबाईलवर फोटोखालची ओळ वाचून दाखवली: राजवाड्यामागच्या गल्लीतला जुना वाडा.

"वाडा कसला? छापखाना होता खाली. लग्नाच्या पत्रिका छापायचे. मराठीही, हिंदीही. माझ्या लग्नाची तिथलीच. वर मालक राहायचे. तो सज्जा त्यांनी उज्जैनच्या सुताराकडून करून घेतला. तीन महिने तो सुतार इथे, या ओट्यावर जेवायला यायचा."

मी विचारलं, "आजोबा, हे लिहू का फोटोखाली?"

"लिही की. पण त्या सुताराचं नाव मला आठवत नाही. आठवलं की सांगतो. पुढच्या रविवारी ये."

घरी येऊन पहिल्यांदा 'जुना वाडा' खोडलं. लग्नपत्रिकांचा छापखाना, वर मालकांचं घर, सज्जा उज्जैनच्या सुताराच्या हातचा. सुताराच्या नावासाठी जागा मोकळी ठेवली आहे.