डोलकराची ‘सकाल’

लंडनमध्ये सुके बोंबील हवे असतील तर इतर दुकानांच्या नादी लागू नका. सरळ व्हाइटचॅपल गाठा आणि बांगलादेशी मासळीवाल्याकडे ‘लोइट्टा शुटकी’ मागा. एवढं कळायला मला दोन वर्षं लागली. पाकीट फोडलं की वास थेट मुरुडजवळच्या आमच्या एकदऱ्याचा, बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेल्या बोंबलांचा. शेजारीण त्यानंतर दोन दिवस खिडकी उघडत नाही, पण तो विषय वेगळा.

परवा दुकानातल्या चाचांच्या मोबाइलवर बंगाली गाणं चालू होतं. शब्द काही कळेना, आवाज मात्र ओळखीचा. माझ्या तोंडून निघून गेलं, “चाचा, ये तो हमारा डोलकर है!”

“ना ना भाई,” चाचा म्हणाले, “हेमोंतो!”

‘मी डोलकर’ लागलं नाही अशी नारळी पुनव आमच्या कोळीवाड्यात मला आठवत नाही. लहानपणी माझी खात्रीच होती की गाणारा अलिबागकडचा कुणी नाखवा असणार. बाबाही म्हणायचे, “आपलाच कोली हाय तो. आवाज बग, भरल्या डोलीवानी.” फक्त गाण्यातली एक गोष्ट त्यांना खटकायची. “डोलकर म्हनवतो नि टाकतो रापन?” बाबांचं चूक नव्हतं. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधायचं, तोंड पाण्याच्या ओढीकडे करायचं, मग ओढ मासळी आत लोटते आणि पाणी थांबलं की जाळं वर घ्यायचं. रापण ओढायची किनाऱ्यावरून, निम्मा गाव मिळून. डोलकर नाव डोलण्यावरून पडलं असं समजणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना हा फरक सांगून मी थकलोय.

हेमंतकुमार म्हणजे हेमंत मुखोपाध्याय. १९२० साली बनारसला जन्म, वाढले बंगालात, इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्ध्यावर सोडून गाण्याकडे वळले. ‘नागिन’चं (१९५४) संगीत त्यांचंच. ‘डोलकर’ची चाल हृदयनाथ मंगेशकरांची, सोबतीला लताबाईंचा आवाज. मग मराठी न बोलणारा हा माणूस आम्हा कोळ्यांना आपला कसा वाटला? आवाजातला खर्ज आहेच. पण त्या दिवशी दुकानात आणखी एक गोष्ट ध्यानात आली.

चाचांना मी गाणं ऐकवलं. ते बोंबील तोलता तोलता ऐकत होते. एका कडव्यापाशी त्यांचा हात थांबला. “शकाल बोला?”

बंगालीतही सकाळ म्हणजे ‘सकाल’च, उच्चार तेवढा ‘शोकाल’कडे झुकणारा. त्या भाषेत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ बोलताना ‘न’च होतो. आमच्या घरातही तेच! पाणी नाही, पानी. आभाळ नाही, आभाल. याच बोलीपायी शाळेत मी छड्या खाल्ल्यात, वर्गात उभं राहून ‘कमळ’ दहादा म्हटलंय. शांता शेळक्यांनी गाणं शुद्ध मराठीत लिहिलं असतं तर हेमंतदांची जीभ ‘ळ’वर अडखळलीच असती. कोळी बोलीत त्यांना अडायला जागाच नव्हती.

घरी येऊन बाबांना फोन लावला आणि म्हटलं, बाबा, तुमचा कोळी बंगाली निघाला.

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “तरीच रापन टाकली त्यान.”

“अहो, शब्द त्यांचे नाहीत. शांताबाईंचे, इंदापुरात जन्मलेल्या.”

“इंदापूर? घाटावरचा?”

“हो.”

“जाव दे मंग,” बाबा म्हणाले. “बोंबील कसं दिलं?”